फ्लाइट सिम्युलेटर: आकडा ४५ एफपीएस, तरी लँडिंगला विमान अडखळतं

उंचभरारी:
नमस्कार मंडळी. मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती उडवतो, जास्त करून ए३२०. प्रोसेसर सहा कोअर-बारा थ्रेडचा, रॅम १६ जीबी डीडीआर४, ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं, मॉनिटर १४४०पी आणि १२० हर्ट्झ. गेम एसएसडीवर आहे.

वर ३५ हजार फुटांवर सगळं लोण्यासारखं चालतं. मोठ्या विमानतळाकडे उतरायला लागलो की तीनेक हजार फुटांच्या खाली चित्र तुटक व्हायला लागतं. लंडन, न्यूयॉर्क इथे तर फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलतो तेव्हाच झटका बसतो आणि विमान धावपट्टीवर आपटतं. एवढं दोन तास नीट उडवत आणायचं आणि शेवटच्या दहा सेकंदांत हातातून जायचं, याचा फार त्रास होतो.

कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो) आकडा मात्र लंडनसारखी ठिकाणं सोडली तर ४०-४५ च्या खाली क्वचित जातो. ग्राफिक्स अल्ट्रावरून मीडियमवर आणलं, रेंडर स्केल (चित्र किती पिक्सेलमध्ये काढायचं ते प्रमाण) ७० टक्के केलं. चित्र धूसर झालं, पण एफपीएस जवळपास तेवढाच राहिला. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३५ टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे प्रोसेसर रिकामाच आहे ना? मग अडतंय कुठे?

आणखी एक, समुद्रावर काहीही नसतानासुद्धा मधूनमधून एक बारीक उचकी लागते.

रात्रवैमानिक:
फ्रेम जनरेशन चालू करून बघा, आकडा लगेच दुप्पट होईल. आणि विंडोज हलकं करणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात, त्याने नको त्या सगळ्या सर्व्हिस बंद होतात. त्याचाही फरक पडतो म्हणतात.

धावपट्टी२७:
उंचभरारी, तुम्ही निम्मं निदान स्वतःच करून ठेवलं आहे. रेंडर स्केल १०० वरून ७० टक्के केलं म्हणजे पिक्सेल निम्म्याहून कमी झाले. ग्राफिक्स कार्डावरचं काम इतकं घटूनही एफपीएस हलला नाही, याचा अर्थ कार्ड अडवत नव्हतंच. ते प्रोसेसरची वाट बघत बसलेलं असतं.

आता "सीपीयू ३५ टक्के" याबद्दल. टास्क मॅनेजर सगळ्या थ्रेडची (प्रोसेसरवर एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामाच्या रांगांची) सरासरी दाखवतो. तुमचे थ्रेड बारा. त्यातला एक पूर्ण १०० टक्के भरला तरी एकूण आकड्यात तो साधारण ८ टक्केच दिसतो. आणि सिम्युलेटरचं बरंचसं काम एकाच मुख्य थ्रेडवर चालतं: उड्डाणाचं गणित, विमानाच्या यंत्रणा, इतर विमानांची वाहतूक, कुठली इमारत आता काढायची याची यादी. हे एकामागून एक व्हावं लागतं, त्यामुळे बाकीचे कोअर मोकळे असले तरी त्यांना वाटून देता येत नाही. म्हणून एकूण टक्केवारीवरून प्रोसेसर रिकामा आहे असं कधीच ठरवू नका.

दुसरं, एफपीएस बघणं सोडा, फ्रेम टाइम बघा. एक फ्रेम तयार व्हायला किती मिलिसेकंद लागले तो हा आकडा. ६० एफपीएस म्हणजे १६.७ मिलिसेकंद, ४० म्हणजे २५, ३० म्हणजे ३३.३. आता समजा एका सेकंदात बेचाळीस फ्रेम वीस-वीस मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम दीडशे मिलिसेकंद अडकली. काउंटर ४० च्या वरच दाखवणार, पण तुमच्या डोळ्यांना आणि हाताला ते दीडशे मिलिसेकंदच जाणवणार. फ्लेअरला आपण नजर आणि हात यांच्या तालावर नाक उचलत असतो. तो ताल एका फ्रेमने तुटला की पुढची दुरुस्ती उशिराच होते. तुमचं विमान आपटतं त्यात कौशल्याचा दोष नाही.

आता हे करा. जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड चालू करा, मग वर येणाऱ्या मेनूतून एफपीएसची खिडकी उघडा. त्यात मेन थ्रेडचे मिलिसेकंद, जीपीयूचे (ग्राफिक्स कार्डाचे) मिलिसेकंद, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती वापरली आणि सध्या कोण अडवतंय हे सरळ लिहून येतं. लंडनच्या धावपट्टीवर उभं राहून आणि समुद्रावर, अशा दोन्ही ठिकाणचे आकडे इथे द्या. तोवर एकही सेटिंग हलवू नका.

रात्रवैमानिक, तुमची सूचना चांगल्या हेतूने आहे, पण पटली नाही. फ्रेम जनरेशन दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालतं. मुख्य थ्रेड दीडशे मिलिसेकंद थांबला तर पुढची खरी फ्रेमच आलेली नसते, मग मध्ये घालणार काय? झटका तसाच राहतो. वर त्यालाही व्हीरॅम लागते, आणि इथे कार्ड ८ जीबीचं आहे. मूळ गती स्थिर असेल तर त्याचा उपयोग नक्की होतो, पण ती पायरी नंतरची. सर्व्हिस बंद करणाऱ्या स्क्रिप्टपासून तर कृपया लांबच राहा. एका झटक्यात पन्नास गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही, आणि पुढे अपडेट अडकलं की ते सगळं उलटं कसं फिरवायचं हेही कळत नाही.

रात्रवैमानिक:
पटलं. स्क्रिप्टची सूचना मागे घेतो. फ्रेम जनरेशनचं कारण एवढं उलगडून कोणी सांगितलं नव्हतं, आभार.

सुकाणू:
मोजताना एक पथ्य पाळा. लाइव्ह वेदर आणि लाइव्ह ट्रॅफिक ठेवून केलेली तुलना तुलनाच नसते. काल आकाश मोकळं होतं, आज ढगांचे चार थर आहेत, तर आकडे बदलणारच. एक उड्डाण सेव्ह करून ठेवा: तेच विमान, धावपट्टीपासून दहा मैलांवर आयएलएस (धावपट्टीकडे नेणारा रेडिओ सिग्नल) पकडलेला, ऑटोपायलट चालू, हवामान ठरावीक, वेळ दुपारची. प्रत्येक बदलानंतर तेच उड्डाण लोड करा. पहिली फेरी मोजणीत धरू नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नुकताच बदलला असेल तर नक्कीच नको, कारण नव्या ड्रायव्हरनंतर शेडर (चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्डाचे छोटे प्रोग्राम) पुन्हा बनवले जातात आणि पहिल्या वेळी झटके येतातच. दुसऱ्या फेरीचे आकडे खरे धरा.

उंचभरारी:
सुकाणू, तुमच्या पद्धतीने सेव्ह केलेलं उड्डाण घेऊन बसलो. आकडे असे.

लंडन, धावपट्टीजवळ: मेन थ्रेड ३१ ते ३४ मिलिसेकंद, जीपीयू १४. "लिमिटेड बाय मेन थ्रेड" असं लाल अक्षरांत. हे रेंडर स्केल ७० असताना. स्केल परत १०० केलं आणि टेक्स्चर अल्ट्रावर नेलं तर जीपीयू २१ मिलिसेकंद, पण व्हीरॅमचा आकडा मर्यादेला टेकतो. मान वळवून शहराकडे बघितलं की अर्धा सेकंद सगळं गोठतं.

समुद्रावर: मेन थ्रेड १२, जीपीयू १५, आलेख सपाट. पण दर काही सेकंदांनी मेन थ्रेडची एक उंच काठी उभी राहते. स्टॉपवॉच लावून बघितलं तर अंतर जवळजवळ सारखंच येतं.

टेरेन लेव्हल ऑफ डिटेल २०० वर आहे. ग्राफिक्स मीडियमवर आणल्यावर तेवढं मी परत वर नेलं होतं, कारण लांबचे डोंगर ओबडधोबड दिसत होते.

धावपट्टी२७:
वा, आता बोलता येईल. तुमच्याकडे तीन वेगवेगळी दुखणी एकत्र नांदताहेत, म्हणून एका औषधाने काहीच बरं झाल्यासारखं वाटत नव्हतं.

पहिलं मुख्य थ्रेडचं. यातला सगळ्यात मोठा वाटेकरी तो टेरेन एलओडीचा २००. हा आकडा म्हणजे किती अंतरापर्यंत जमीन, झाडं आणि फोटोग्रामेट्रीच्या (हवाई फोटोंवरून बनवलेल्या) इमारती बारकाव्याने दाखवायच्या त्याची त्रिज्या. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं. वाळवंटावर त्याने फारसं बिघडत नाही, कारण तिथे काढायलाच काही नाही. लंडनमध्ये मात्र त्या चौपट क्षेत्रात लाखो घरं येतात, आणि कुठलं घर कुठल्या बारकाव्याने काढायचं हे ठरवण्याचं ओझं प्रोसेसरवर पडतं. म्हणून वर सगळं सुरळीत आणि खाली तुटक. १०० वर आणा. उतरताना खिडकीतून दूरचे डोंगर तसेही कमी दिसतात, आपली नजर धावपट्टीवर असते. उंचावर २०० आणि खाली १०० हवं असेल तर उंचीप्रमाणे हा आकडा आपोआप बदलणारी मोफत साधनंही मिळतात, पण आधी हाताने बदलून खात्री करून घ्या. ऑब्जेक्ट एलओडीही १०० ला ठेवा.

मग वाहतूक. विमानतळावरची प्रत्येक गाडी, प्रत्येक कामगार, उभं असलेलं प्रत्येक विमान मुख्य थ्रेडच्या वेळेतून थोडं थोडं खातं. गाड्या आणि कामगारांची घनता १०-२० टक्क्यांवर आणली तरी विमानतळ ओसाड वाटत नाही. आणि ग्लास कॉकपिटचा, म्हणजे कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यांचा, रिफ्रेश रेट मीडियमवर ठेवा. ए३२० सारख्या विमानात पीएफडी (उड्डाणाची मुख्य माहिती), एनडी (मार्गाचा नकाशा), ईकॅमचे (यंत्रणांच्या माहितीचे) दोन पडदे सतत नव्याने काढले जात असतात, छोट्या सेस्नापेक्षा ते कितीतरी जड पडतं. ते पडदे वेगळ्या खिडकीत बाहेर काढून दुसऱ्या मॉनिटरवर लावले असतील तर ते आधी बंद करा. त्याची किंमत फार मोठी असते.

दुसरं व्हीरॅमचं. मान वळवल्यावर अर्धा सेकंद गोठतं ते यामुळे. कार्डावर जागा संपली की टेक्स्चर मुख्य रॅममध्ये ढकलली जातात आणि लागतील तेव्हा पीसीआयईवरून (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गावरून) परत आणावी लागतात. तो रस्ता व्हीरॅमच्या तुलनेत फारच अरुंद. इथे बाकी काही करायचं नाही, टेक्स्चर रिझोल्यूशन अल्ट्रावरून हायवर आणायचं. डायरेक्टएक्स १२ निवडलं असेल तर ११ वर येऊन बघा, या आवृत्तीत १२ ला व्हीरॅम जास्त लागते. मागे ब्राउझर उघडा असतो तोही व्हीरॅम धरून बसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खिडकीतला आकडा मर्यादेच्या अर्धा-एक जीबी खाली राहिला पाहिजे.

तिसरं समुद्रावरच्या उचकीचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते ठरावीक अंतराने येतं. खाली देखावा काहीही असो, घड्याळ लावल्यासारखा येणारा झटका बहुतेक वेळा सिम्युलेटरच्या बाहेरून येतो. तापमान वाचणारे, पंखे आणि दिवे सांभाळणारे प्रोग्राम, यूएसबीवरचं एखादं उपकरण सारखं तुटून जोडलं जाणं, क्लाउड स्टोरेजचं सिंक. एकेक बंद करत जा आणि समुद्रावरचा तो सपाट आलेख बघत राहा. तुमच्याकडे तशी स्वच्छ जागा आहे हे भाग्यच. शहरावर ही काठी गर्दीत हरवली असती.

मेघांतून:
तिसऱ्या मुद्द्याला जोडून. लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन आहे. सिम चालू असताना दहा मिनिटं मागे चालवा, कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त वेळ अडवतो ते नावानिशी दाखवतं. यूएसबीसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी" ही खूण काढा. जॉयस्टिक, थ्रॉटल, रडर असं सगळं स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या एकाच हबवर असेल तर निदान जॉयस्टिक थेट मदरबोर्डला लावा.

आणि रॅमचा वेग बघितला का? टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल आणि पाकिटावर ३२०० किंवा ३६०० लिहिलेलं असेल, तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालूच केलेलं नाही. मुख्य थ्रेडवर अडलेल्या मशीनला याचा चांगला फायदा होतो. दोन्ही पट्ट्या ड्युअल चॅनलच्या खाचांत आहेत ना, तेही बघा. बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी असतात.

डाव्या आसनावरून:
मी एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिम्युलेटरवाला. निदानाची रीत तिकडेही हीच, फक्त नावं वेगळी. वर्ल्ड ऑब्जेक्ट्सचा सरकदांडा प्रोसेसरवर पडतो, टेक्स्चर क्वालिटी व्हीरॅमवर. आणि एक्स-प्लेनमध्ये एफपीएस २० च्या आसपास खाली गेला की उड्डाणाचं गणित बिघडू नये म्हणून सिम वेळच मंद करतं. घड्याळ मागे पडतं, ऑनलाइन उडत असाल तर हवाई वाहतूक कंट्रोलरला तुमचं विमान रेंगाळताना दिसतं. त्यामुळे तिथे तळाचा आकडा सरासरीपेक्षा फार महत्त्वाचा.

उंचभरारी:
सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक करत गेलो, क्रमाने सांगतो.

टेरेन एलओडी १०० केल्याबरोबर लंडनला मेन थ्रेड ३३ वरून २६ वर आला. बाकी कशालाही हात लावला नव्हता. गाड्या-कामगार कमी केले, ग्लास कॉकपिट मीडियम केलं, तेव्हा २३-२४. मेमरी खरंच २४०० वर चालत होती. एक्सएमपी चालू केल्यावर २१-२२ च्या आसपास स्थिरावला.

टेक्स्चर हायवर आणल्यावर व्हीरॅम ७ जीबीच्या आत राहते. मान वळवल्यावर गोठणं पूर्ण थांबलं.

समुद्रावरच्या उचकीचा शोध सगळ्यात लांबला. यूएसबीची सगळी उपकरणं काढली तरी ती होतीच. लेटन्सीमॉनने विशेष काही दाखवलं नाही. मग मदरबोर्डबरोबर आलेला दिव्यांचा आणि पंख्यांचा प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून बंद केला आणि आलेख सपाट. परत चालू केला, काठ्या परत उभ्या. पुन्हा बंद, पुन्हा सपाट. तो ठरावीक अंतराने सेन्सर वाचत होता, तेवढ्यात मुख्य थ्रेड अडकत होता. पंख्यांचा वेग आता बायोसमध्येच लावून टाकला आणि प्रोग्राम काढला.

आता प्रश्न असा की लँडिंगला एफपीएस ४२ ते ५५ मध्ये वरखाली होतो. झटका म्हणता येणार नाही, पण पूर्ण गुळगुळीतही नाही. याला काय करू?

सुकाणू:
४० ला बांधून टाका. तुमचा मॉनिटर १२० हर्ट्झचा, १२० भागिले ४० म्हणजे ३, त्यामुळे प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेशपुरती दिसेल. ४२-५५ मध्ये काही फ्रेम दोन रिफ्रेश दिसतात आणि काही तीन, डोळ्याला तेच खटकतं. ४० एफपीएसला प्रत्येक फ्रेमसाठी २५ मिलिसेकंद मिळतात आणि तुमचा मेन थ्रेड २२ च्या आसपास आहे, म्हणजे थोडी सवडही राहते. मर्यादा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमधून लावा, किंवा सिममध्येच व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या रिफ्रेशशी जुळवणारी सेटिंग) चालू करून मॉनिटरच्या ३३ टक्के हा पर्याय निवडा. दोन्ही एकदम नको. मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (फ्रेमप्रमाणे रिफ्रेश बदलण्याची सोय) असेल तर तेही चालू ठेवा.

४० हा आकडा कमी वाटेल, पण प्रवासी विमानाच्या लँडिंगला न हलणारे ४० हे उड्या मारणाऱ्या ५५ पेक्षा केव्हाही चांगले. ज्यांचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे त्यांनी याच हिशेबाने ३० घ्यावेत.

धावपट्टी२७:
सुकाणूंशी पूर्ण सहमत. वर एक आनंदाची गोष्ट सांगतो. ४० ला बांधल्यावर तुमच्या ग्राफिक्स कार्डाकडे प्रत्येक फ्रेममागे मोकळा वेळ उरेल. रेंडर स्केल १०० वरच ठेवा, ढग हाय किंवा अल्ट्रावर न्या. हे काम मुख्यतः कार्डाचं आहे, मेन थ्रेडला त्याने फारसा फरक पडत नाही. जीपीयूचा आकडा २३ च्या पुढे जाऊ देऊ नका आणि व्हीरॅमवर लक्ष ठेवा, बस. सुरुवातीला धूसर चित्र सोसत बसला होतात, त्याची काहीच गरज नव्हती.

उंचभरारी:
४० ला बांधलं. ढग अल्ट्रा, स्केल १००. काल संध्याकाळी हिथ्रोला २७ डाव्या धावपट्टीवर उतरलो, पाऊस होता, समोर दोन विमानं. पन्नास फुटांवर नाक उचलायला लागलो, रडार अल्टिमीटरचा आवाज एकेक आकडा मोजत होता आणि चित्र कुठेही तुटलं नाही. मुख्य चाकं अलगद टेकली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच टेकताना माझ्या हाताला नेमकं कळलं की विमान काय करतंय.

उरलेल्या दोन शंका. एखाद्या नव्या शहरावर पहिल्यांदा गेलो की सुरुवातीची मिनिट-दोन मिनिटं अजून थोडं अडखळतं, नंतर थांबतं. आणि पुढे कधी खर्च करायचा झाला तर आधी काय बदलू?

मेघांतून:
पहिलं नेटवरून येणाऱ्या देखाव्याचं आहे. शहराची फोटोग्रामेट्री तुम्ही पोचता तेव्हाच उतरवली जात असते. खात्री करायची तर डेटा ऑप्शन्समध्ये फोटोग्रामेट्री बंद करून त्याच शहरावर जा. अडखळणं गेलं तर तेच कारण. मग रोलिंग कॅश वापरा: ती सगळ्यात वेगवान एसएसडीवर ठेवा, मूळच्या ८ जीबीऐवजी ३२ किंवा ६४ करा, म्हणजे नेहमीच्या शहरांचा डेटा दर वेळी नव्याने आणावा लागणार नाही. मोठ्या अपडेटनंतर ती पुसून नवी बनवलेली बरी, जुना डेटा अडचण करतो. आणि कम्युनिटी फोल्डरमध्ये (बाहेरून घेतलेल्या जोडण्यांच्या फोल्डरमध्ये) न वापरलेले विमानतळ आणि लिव्हरी (विमानांची रंगरूपं) साठल्या असतील तर बाहेर काढून ठेवा, लोड व्हायलाही वेळ कमी लागेल.

धावपट्टी२७:
दुसऱ्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. जीपीयू मोकळं, मेन थ्रेड भरलेला, त्यामुळे नवीन ग्राफिक्स कार्ड आणून लंडनचं लँडिंग सुधारणार नाही. आधी रॅम ३२ जीबी करा. १६ मध्ये ए३२०, मोठा विमानतळ आणि ब्राउझर एकत्र आले की विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलकडे वळतं. नंतर प्रोसेसर, आणि त्यात कोअरच्या संख्येपेक्षा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) बघा. मुख्य थ्रेडला लागणारा डेटा सतत जागा बदलत असतो, तो कॅशमध्ये मावला तर रॅमपर्यंत जाण्याचा वेळ वाचतो. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ आहे, साध्या ५८००एक्स मध्ये ३२. क्लॉक स्पीड थोडा कमी असूनही सिममध्ये एक्स३डी स्पष्ट पुढे जातो. तुमचा बोर्ड एएम४ सॉकेटचा असेल तर बोर्डाच्या यादीत तो प्रोसेसर आहे का बघा, बायोस अद्ययावत करा, आणि मगच प्रोसेसर घ्या. बोर्ड आणि रॅम तीच चालेल.

उंचभरारी:
बोर्ड एएम४ चाच आहे आणि यादीत तो प्रोसेसर दिसतोय. आधी रॅम घेतो आणि त्याच सेव्ह केलेल्या उड्डाणावर मोजून आकडे इथे टाकतो. रोलिंग कॅश ६४ जीबीची करून ठेवली आहे.